सरावात भारी पडणारी मुलगी स्पर्धेत का थिजते?

“मॅडम, क्लासमध्ये ती मुलांनासुद्धा हार जात नाही. स्पर्धेत मात्र पहिल्या राउंडलाच हातपाय गाळून बसते. मनानं कमजोर आहे का ती?”

पावसाळा सरत आला, जिल्हा निवडीच्या तारखा लागल्या की हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतात. कधी कराटे असतं, कधी ज्युदो, कधी बॉक्सिंग. प्रश्न तोच असतो. या वेळी त्याचं उत्तर एका मुलीच्या निमित्ताने देते. तिला सायली म्हणूया. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; लिहायला तिची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी आहे.

सायली पंधरा वर्षांची, दहावीतली, तायक्वांदोत लाल पट्ट्यापर्यंत पोचलेली. दुसरीत असल्यापासून ती क्लासला जाते. आधीच्या दोन ज्युनियर स्पर्धांत ती पहिल्याच फाइटमध्ये हरली होती आणि पुढची निवड दोन महिन्यांवर आली होती. वडील कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारे. रजा टाकून आले होते. बोलत होते तेच. सायली फरशीकडे बघत होती.

फाइटचं वर्णन ऐकण्यापेक्षा मी फाइटच बघायला मागते. हल्ली प्रत्येक घरात कुणीतरी मोबाइलवर शूट केलेलं असतंच. वडिलांनी फोन दिला. मी आधी आवाज बंद करून बघितलं.

तायक्वांदोची फाइट, म्हणजे क्योरुगी, ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक खेळाडू निळा, एक लाल. डोक्याला हेडगार्ड, अंगावर चेस्ट गार्ड, दातांना माउथगार्ड. साधारण दोन मिनिटांचा राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती. २०२२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत तीनपैकी दोन राउंड जिंकणारा विजयी धरतात. छातीवर किक बसली तर २ गुण, डोक्यावर बसली तर ३, फिरून मारली तर आणखी जास्त. बुक्कीला १. आणि मॅटच्या हद्दीबाहेर पाय गेला, खाली पडलात किंवा लढायचं टाळलंत, तर पंच ‘गामजोम’ देतात आणि समोरच्याला फुकटचा एक गुण मिळतो.

सायलीच्या व्हिडिओत पंचांनी ‘शिजाक’, म्हणजे ‘सुरू करा’, म्हटल्याबरोबर समोरची मुलगी पुढे आली आणि सायली सरळ मागे गेली. पुन्हा ती पुढे, ही मागे. तिसऱ्यांदा हद्दीबाहेर. पहिल्या राउंडमध्ये समोरच्या मुलीच्या गुणांतले कितीतरी हिने स्वतः बाहेर जाऊन दिलेले होते. खांदे कानांपर्यंत चढलेले, आणि मुख्य म्हणजे छाती हलत नव्हती. पोरगी श्वास रोखून लढत होती. दोन मिनिटं श्वास अडकवून उड्या मारून बघा. पाय शिशाचे होतात. त्याला कमजोर मन लागत नाही.

मग आवाज सुरू केला. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून वडिलांचा आवाज येत होता, “मार! अगं मार ना! पाय उचल!” आणि त्याच्या खाली, खुर्चीत बसलेले तिचे सर तेवढ्याच सातत्याने सांगत होते, “साइडला जा, साइडला.” सरांचं वाक्य तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. वडिलांनी हे पहिल्यांदाच नीट ऐकलं. काही बोलले नाहीत, फक्त फोन परत घेताना मला म्हणाले, “एवढ्या मोठ्यानं ओरडत होतो का मी?”

पुढच्या भेटीत सायली एकटी आली. कशाची भीती वाटते, असं विचारलं तर मुलं बहुधा “माहीत नाही” म्हणतात. म्हणून मी तिला फाइटच्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगायला लावलं. ते सांगता सांगता ती म्हणाली, “लागण्याची भीती नाही वाटत, मॅडम. लागलं की पुढे काय करायचं ते डोक्यातून जातं.”

हे वाक्य तुमच्या मुलांच्या तोंडून ऐकलंत तर त्याची नोंद घ्या. क्लासमधल्या स्पॅरिंगमध्ये मैत्रिणी एकमेकींना पाय लावतात, मारत नाहीत. सात-आठ वर्षं त्याच मुलींसोबत खेळल्यावर कोण कुठल्या पायाने किक मारणार हेही पाठ होतं. स्पर्धेत अनोळखी मुलगी, अनोळखी लय आणि पूर्ण ताकदीची किक, या तिन्ही गोष्टी तिच्यासमोर एकदमच येत होत्या. ज्या गोष्टीचा सरावच झालेला नाही ती जमली नाही, तर त्याला भित्रेपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पण एवढ्याने तिचं खाली बघणं सुटत नव्हतं. आणखी एका भेटीनंतर खरी गाठ हाती लागली. सायलीने घरात एक बोलणं अर्धवट ऐकलं होतं. वडील आईला म्हणत होते, “दहावीचं वर्ष आहे. यंदा राज्यापर्यंत गेली तर खेळाचे सवलतीचे गुण तरी मिळतील. नाहीतर क्लास बंद करून टाकू.” त्या दिवसापासून प्रत्येक फाइट तिच्या लेखी फाइट राहिलीच नव्हती. क्लास हीच तिच्या दिवसातली सगळ्यात आवडती जागा होती. मैत्रिणी तिथे, सर तिथे, घामाने निथळून मोकळं वाटणं तिथे. मॅटवर उभं राहताना तिच्या मनात समोरच्या मुलीबद्दल काहीच नसायचं. हरले तर उद्यापासून क्लास नाही, एवढंच असायचं. असं ओझं घेऊन मोठी माणसंसुद्धा नीट लढू शकत नाहीत.

याच भेटीत दुसरी गोष्ट कळली. ती रात्रीचं जेवत नव्हती. वजन ५१ किलोच्या आसपास, आणि तिला ४९ च्या गटात उतरायचं होतं, कारण ‘खालच्या गटात मुली हलक्या मारतात’ असं कुणीतरी सांगितलेलं. वजनाच्या आदल्या दिवशी पाणी कमी पिऊन, रेनकोट घालून धावायचा बेत ठरलेला. इथे मी अजिबात मवाळ राहत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत साधारण महिन्याभरात तीन कॉलेजवयीन कुस्तीगीर असंच झटपट वजन उतरवताना दगावले आणि त्यानंतर तिथले नियम बदलावे लागले. ते तर कसलेले, तिच्याहून मोठे खेळाडू होते. वाढीच्या वयातल्या, पाळी सुरू असलेल्या मुलीने उपाशी राहून, पाणी तोडून वजन काढणं याला माझा ठाम विरोध आहे, आणि पालकांनीही तो असाच ठामपणे करावा. शिवाय भुकेची लक्षणं आणि भीतीची लक्षणं सारखीच असतात. हात थरथरतात, घाम फुटतो, पाय लटपटतात. उपाशी मुलगी मॅटवर उभी राहिली की तिला वाटतं आपण घाबरलोय, आणि मग ती खरंच घाबरते. सरांशी फोनवर बोलले. ते लगेच म्हणाले, “५२ मध्येच खेळवतो. मला सांगितलंच नव्हतं तिने.” त्या रात्रीपासून भाकरी पुन्हा ताटात आली.

मग वडिलांना बोलावलं. सायली शेजारी बसलेली. तिने जे ऐकलं होतं ते तिनेच सांगितलं, मी मधे पडले नाही. वडील म्हणाले की ते रागात बोलून गेले होते. मी त्यांना एकच गोष्ट मागितली: क्लास चालू राहील की नाही हे या स्पर्धेच्या निकालावर ठरणार नाही, असं तिच्या समोर स्पष्ट सांगा, आणि अभ्यासाची खरी काळजी असेल तर ती वेळापत्रकात मांडा, फाइटवर लादू नका. ते म्हणाले, “बोर्डाच्या परीक्षेआधी एक महिना क्लास बंद ठेवायचा, एवढं मान्य कर. बाकी क्लास तुझाच आहे.” ती रडली. नंतरच्या सगळ्या तंत्रांपेक्षा या दहा मिनिटांचं वजन जास्त होतं, असं मला आजही वाटतं.

तंत्रंही हवीतच. ती सरांच्या मदतीने बसवली, कारण समुपदेशकाच्या खुर्चीत बसून फाइटची भीती जात नाही.

पहिलं काम मार खाण्याची सवय, पण पायरीपायरीने. आधी जागेवर उभं राहून चेस्ट गार्डवर किक घ्यायची आणि किक बसताना तोंडाने ‘हा’ करून श्वास सोडायचा. मग हलत्या पायांनी. मग किक बसल्याबरोबर आपली एक किक परत द्यायची, बसो न बसो. डोक्यावर मात्र जोराचा मार सरावात नको. हेडगार्ड घातलेलं असलं तरी मेंदू आत हलतोच. सरावात डोक्याला लागून मुलाला गरगरलं, उलटी झाली, डोकं दुखत राहिलं किंवा ते गोंधळल्यासारखं वागू लागलं, तर त्या दिवशी सराव संपला. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा फाइट नाही. ‘खेळात चालतंच’ म्हणून हे सोडून देऊ नये.

दुसरं, अनोळखी मुली. सरांनी शनिवारी शेजारच्या क्लबच्या मुली बोलावल्या. पंच म्हणूनही बाहेरचे एक सर. पूर्ण गार्ड, ‘चारियोत, क्योंग्ने, जुनबी, शिजाक’ हे पंचांचे हुकूम, सगळं रीतसर. आणि मुद्दाम तासभर ताटकळत ठेवून अचानक नाव पुकारायचं. स्पर्धेत अंग गरम करून बसलेल्या मुलांचं निम्मं बळ त्या वाट बघण्यात जातं, आणि त्याचा सराव कुणी करतच नाही.

तिसरं, पहिली वीस सेकंदं. गोंधळलेल्या डोक्याला पर्याय निवडता येत नाहीत, म्हणून पर्यायच ठेवायचे नाहीत. तिने आणि सरांनी दोन वाक्यं ठरवली: शिजाक म्हटलं की पुढच्या पायाची कट किक (पाय उचलून समोरचीला अडवणारी किक) मीच आधी टाकणार. ती अंगावर आली की मी मागे न जाता बाजूला जाणार. घरी गच्चीवर, शाळेच्या व्हरांड्यात, दात घासतानासुद्धा ही वाक्यं आणि त्यांच्या हालचाली चालल्या होत्या, असं आई सांगायची.

चौथं, धडधडीला काय म्हणायचं. ‘घाबरू नकोस’ हे आपण सगळे म्हणतो, आणि त्याचा उपयोग जवळजवळ नसतो, कारण धडधडणारं हृदय हुकुमाने शांत होत नाही. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की गाणं, भाषण किंवा गणित यांच्या आधी स्वतःला ‘शांत हो’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह आलाय’ म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. धडधड तीच, तिला दिलेला अर्थ वेगळा. सायलीला ‘उत्साह’ हा शब्द पुस्तकी वाटला. तिने स्वतःचं वाक्य काढलं: “पाय जागे झालेत.” मी ते तसंच ठेवलं. एका मिनिटाच्या विश्रांतीत आधी तीन लांब उच्छ्वास, मग सरांचं एकच वाक्य ऐकायचं, एवढं ठरलं.

वडिलांनाही काम दिलं. पाण्याची बाटली सांभाळायची, शूटिंग आईने करायचं, फाइट चालू असताना फक्त टाळ्या. आणि घरी पोचेपर्यंत फाइटबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ती स्वतः बोलली तर ऐकायचं. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. सायलीच्या सरावाइतकाच त्यांनीही सराव केला; शनिवारच्या फाइटना ते ओठ मिटून भिंतीला टेकून उभे असायचे.

निवडीच्या दिवशी सायलीने पहिली फाइट दोन राउंडमध्ये जिंकली. दुसरीत पहिला राउंड घेतला, दुसरा गेला, तिसऱ्यात डोक्यावरच्या एका किकने ती गुणांत मागे पडली आणि हरली. राज्याला गेली नाही. सवलतीचे गुण नाहीत. दोन्ही फाइट मिळून ती एकदाच हद्दीबाहेर गेली, हे मात्र आईच्या व्हिडिओत स्पष्ट दिसतं. गाडीवर बसल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, मग तिनेच मागून विचारलं, “पप्पा, तिसऱ्या राउंडला माझा हात खाली होता ना?” वडील “हो” म्हणाले आणि तिथेच थांबले. हे त्यांनी मला फोन करून सांगितलं, आवाजात अभिमान होता.

तुमच्या मुलाच्या बाबतीत आधी हे बघा: तो फक्त स्पर्धेत थिजतो, की रोजच्या सरावालाही जायला नकार देतो? फक्त स्पर्धेत असेल तर सरांना सोबत घेऊन वर सांगितलेलं बरंचसं घरीच करता येतं. स्पर्धेतून नाव काढायचं का, हा प्रश्न मुलाला आदल्या रात्री विचारू नका. त्या रात्री बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतील. निवांत असताना, आठवडे हाताशी असताना विचारा, आणि नको म्हणालं तर ते मान्य करायची तयारी ठेवूनच विचारा. काही मुलांना क्योरुगी आवडतच नाही, पुमसेमध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करून दाखवण्यात, ती खुलतात. तोही तायक्वांदोच आहे.

मात्र झोप उडाली असेल, जेवण टाळलं जात असेल, स्पर्धा संपून आठवडे झाले तरी पोटदुखी, उलट्या किंवा रडणं थांबत नसेल, क्लासमध्ये कुणी मारतं वा अपमान करतं असा संशय असेल, किंवा ‘मी कशालाच लायक नाही’ अशी भाषा ऐकू येत असेल, तर तो खेळाचा प्रश्न राहिलेला नाही. जवळच्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. कुणी ओळखीचं नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.