दवंडी नको, आवतन दे

प्रिय पोरी,

"मॅडम, सातच प्रस्ताव आले, त्यातले पाच एआयवर. मुदत वाढवू का?" तुमच्या ओपन सोर्स परिषदेत, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं अशा खुल्या सॉफ्टवेअरच्या मेळाव्यात, कोण बोलणार यासाठी तू प्रस्ताव मागवलेस; त्याबद्दलच्या तुझ्या या एका ओळीवर काल संध्याकाळपासून माझं डोकं चालू आहे.

वाढव. तारीख तशीही चुकलीच होती. नागपुरात राहून मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी शेवटची तारीख कोण ठेवतं गं? अर्धं महाल-इतवारी त्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' ओरडत रस्त्यावर असतं, आणि पुढे चार दिवसांत गणपती बसतात. अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार धर. आणि परदेशी परिषदांचं बघून तुम्ही 'एनीव्हेअर ऑन अर्थ' टाकलंय ना, म्हणजे जगात कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत अर्ज चालेल, ते काढ. त्याचा आपल्याकडचा अर्थ दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच असा होतो. हिंगण्याच्या पोराने हा हिशोब का करावा? सरळ भारतीय वेळ लिही.

पण नुसत्या तारखेने काही होणार नाही. तू पोस्टर केलंस, रील केली, बावीस कॉलेजांच्या विभागप्रमुखांना मेल टाकलीस. म्हणजे दवंडी पिटलीस. दवंडी ऐकून माणूस आपल्या दारापर्यंत येतो, बघतो आणि परत आत जातो. जेवायला येतो तो आवतन आल्यावर. आजीला विचार, तिच्या गावी आवतन कसं द्यायचे. माणूस घरी यायचा, नाव घ्यायचा, आणि चूलबंद, म्हणजे अख्ख्या घराला बोलावणं, असेल तर तसं सांगून जायचा. चौकात कागद चिकटवून कोणी पंगत बसवलेली मी तरी पाहिली नाही.

नाव घेऊन विचार. हे पत्र संपेपर्यंत मी हेच म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

तू म्हणशील, ओपन सोर्स सगळ्यांसाठी खुलं असतं, मग ठरावीक लोकांनाच का विचारायचं? 25 ऑगस्ट 1991 ला लिनस टोरवाल्ड्सने आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल, म्हणजे पुढच्या लिनक्सबद्दल, पहिल्यांदा लिहिलं, ते कोणाला उद्देशून? मिनिक्स नावाची आधीची सिस्टीम वापरणाऱ्यांना. त्यांच्याच न्यूजग्रुपवर, म्हणजे ऑनलाइन चर्चागटावर. आणि विचारलं काय, तर मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं आणि काय नाही. त्यात कोणाचं नाव नव्हतं हे कबूल, पण गल्ली ठरलेली होती आणि प्रश्न उत्तर देता येईल असा होता. ब्रसेल्सला फॉसडेम ही ओपन सोर्सवाल्यांची परिषद भरते, तिथेही एकेका विषयाची खोली, ज्याला ते डेव्हरूम म्हणतात, आपापली वेगळी हाक घालते. तुझ्या पोस्टरवर काय आहे? 'तुमचे विचार मांडा.' कोणते विचार? कोणी?

आता नावं कुठून आणायची, हा तुझा पुढचा प्रश्न. व्हीएनआयटीच्या आवारात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. नकाशा ही तिथली रोजची भाकरी. तिथे जाऊन क्यूजीआयएसवर, म्हणजे नकाशांच्या खुल्या सॉफ्टवेअरवर, कोण काम करतं ते विचार, आणि त्या माणसाचं नाव वहीत लिही. मग तुझ्याच कॉलेजच्या ग्रंथपाल बाई. कोहा ठाऊक आहे ना? ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर, 2000 साली न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात सुरू झालं, माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ भेटवस्तू. ते वापरत असतील तर बाईंना 'कोहावर बोला' असं म्हणू नकोस. 'मॅडम, मराठी पुस्तकांची नोंद करताना कुठे अडतं, तेवढंच वीस मिनिटं सांगाल का? अर्ज मी शेजारी बसून टाईप करते,' असं म्हण. एक माणूस, एक प्रश्न, वीस मिनिटं. बाकीचं, म्हणजे सेशन किती वेळाचं, प्रवासखर्च मिळतो का, रेकॉर्डिंग होणार का, निकाल कधी, हे सगळं पानावर लिहून ठेव. त्यावर मी वेळ घालवत नाही. फक्त 'मराठीत, हिंदीत बोललं तरी चालेल' ही ओळ सगळ्यात वर घे. आत्ता ती तळाशी आहे, बारीक अक्षरात, औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखी.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. उबंटू या लिनक्सवरच्या सिस्टीमच्या सीड्या पोस्टाने फुकट यायच्या त्या काळापासून मी या शहरात मेळावे भरवलेत, आणि पहिली काही वर्षं तुझ्यासारखीच पोस्टरं लावत फिरले. असंच एक पोस्टर मी महालात बडकस चौकाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात लावलं होतं. दुकानदार लग्नपत्रिका करायचा. त्याच्या डोक्यामागे ते पोस्टर दीड महिना होतं.

पुढच्या वर्षी भाच्याच्या पत्रिकेसाठी गेले तेव्हा कळलं की त्या माणसाने कृतीदेव या जुन्या फाँटमधल्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणायचा प्रोग्राम स्वतः लिहिलाय. कोणी शिकवलं नाही, पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं एक झेरॉक्स पुस्तक आणि रात्री. सोपं नाही ते. जुन्या फाँटमध्ये 'निमंत्रण'ची ऱ्हस्व वेलांटी 'न'च्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. 'आशीर्वाद'चा रफार बरोबर उलटा, जुन्यात 'वा' झाल्यावर, युनिकोडमध्ये 'वा'च्या आधी. नुसती अक्षरामागे अक्षर अदलाबदल केली की पत्रिकेचा चुराडा. त्याने ते जोडाक्षरांसकट सोडवलं होतं. मी विचारलं, पोस्टर तुमच्या मागेच होतं, अर्ज का नाही केला? म्हणाला, "ते तं इंजिनेर लोकाइचं राहते ना मॅडम."

मग मी नाव घेऊन विचारलं. त्याने मराठीत प्रस्ताव लिहून दिला, दोन पानं, शाईच्या पेनने. मीच टाईप केला. आणि समितीत तो पडला. नावं झाकलेली होती, नियम मीच घातला होता, वशिला नको म्हणून. पण भाषा कशी झाकणार? 'तांत्रिक खोली कमी' असा शेरा आला. मला ठाऊक होतं प्रस्ताव कोणाचा आहे, म्हणून मी मत द्यायचं नाही असं ठरवलं. तेव्हा ते मला फार तत्त्वाचं वाटलं. आजही नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. आधीच 'मॅडमची माणसं' अशी कुजबुज होती, एक मत टाकलं असतं तर तिला पुरावा मिळाला असता. शिवाय एका मताने निकाल फिरला असता असंही नाही. पण शेऱ्यावर 'यात रफाराचा प्रश्न आहे, तो नीट वाचा' एवढं म्हणायला कोणी अडवलं नव्हतं. आणि त्याला नकार गेला तो इंग्रजीत, सगळ्यांना जातो तोच मेल. मी फोन केला नाही. आज करू, उद्या करू, मग परिषद आली.

'आवतन म्हणजे वशिलाच' असं म्हणत माझ्यावर हसणारे आहेत, त्यांचं ऐकू नकोस. आवतन द्यायचं म्हणजे वशिला लावायचा नाही. बोलवायचं माणसाला, निवडायचं कागदावरून. दोन्ही एकाच हाताने करू नकोस म्हणजे झालं. आणि बोलावतानाच सांग की निवड होईलच असं नाही. टोरवाल्ड्सनेही त्याच निरोपात लिहिलं होतं की सूचना जरूर पाठवा, पण त्या मी अमलात आणीनच असं वचन देत नाही. इतकं सरळ बोललीस तर कोणी रागावत नाही. राग येतो तो नंतरच्या गप्प बसण्याचा. नकार द्यायचा तर तूही फोन कर, नाव घेऊन, मराठीत.

रील काढून टाक असं मी म्हणत नाही, राहू दे. पण येत्या दहा दिवसांत मला वीस नावं हवीत, प्रत्येकापुढे एक प्रश्न. वीसांतले आठ लिहितील. तुझ्या त्या पाच एआयवाल्यांपेक्षा ते आठ मला जास्त हवेत, आणि खरं सांगायचं तर तुलाही.

पहिलं नाव मी देते. दुकान अजून तिथेच आहे, आता फ्लेक्सही करतात. मी येणार नाही, माझ्यासमोर तो चहा मागवेल आणि विषय बदलेल. तू जा. दुपारी दोन ते चार शटर अर्धं ओढलेलं असतं, पण तो झोपलेला नसतो. बाहेरून हाक मार.

तुझी,
मॅडम