वाचकांचे कायदेप्रश्न : फाशीची फाइल धारवाडला गेली, पुढे काय?

प्रश्न : नात्यातल्या मुलाला खुनाच्या खटल्यात बेळगावच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, साथीदाराला जन्मठेप. फाइल आपोआप धारवाडला जाते, अपील कशाला, असं गावात म्हणतात. निकाल कन्नडमध्ये आहे, आम्हाला वाचता येत नाही. (एक वाचक, ता. खानापूर)

उत्तर : गावातलं म्हणणं अर्धंच खरं. उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशी अमलात येत नाही, म्हणून सत्र न्यायालय स्वतःच कागद कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे पाठवतं. साथीदाराची जन्मठेप मात्र त्यात तपासली जात नाही. त्याने 60 दिवसांत अपील करायचं. फाशीविरुद्धच्या अपिलाला 30 दिवसच, आणि तेही कराच, म्हणजे आरोपीचे मुद्दे लेखी नोंदवले जातात. निकालाच्या नकलेसाठी लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत. अर्जाची पावती जपा.

फाशीच्या निकालाची नक्कल आरोपीला न मागता, फुकट मिळते. मराठी भाषांतर मागावं लागतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 404). कायदा 'शक्य असल्यास' म्हणतो, तेव्हा त्याची वाट पाहत अपील अडवू नका. तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील करता येतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा समिती देते.

धारवाडला किमान दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा नव्याने तपासतात. प्रत्यक्षदर्शी नसेल तर परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी अखंड लागते (सर्वोच्च न्यायालयाचा शरद बिर्धीचंद सारडा निकाल, 1984). ती बहुतेक वेळा जप्तीपाशी तुटते. कोयता 'आरोपीने काढून दिला' म्हणायचं, पण जागा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारी, पंच फितूर, मुद्देमालाला सील नाही. जप्ती पंचनाम्याची तारीख आणि प्रयोगशाळेची पोच वकिलाकडून ताडून घ्या. मधले दिवस मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता, हा प्रश्न भल्याभल्या खटल्यांना नडतो.

शिक्षेचा मुद्दा वेगळा. घरचे 'तो निर्दोष आहे' एवढंच धरून बसतात आणि शाळेचे दाखले, मानसिक उपचारांचे कागद गोळाच करत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या मनोज निकालानंतर (2022) शिक्षा ठरवताना न्यायालय हे सगळं, तुरुंगातल्या वर्तनासकट, पाहतं.

प्रश्न : बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात त्याला एकट्याला कोंडून ठेवतील का?

उत्तर : दयेचा अर्ज फेटाळला जाईपर्यंत तसं ठेवता येत नाही (सर्वोच्च न्यायालयाचा सुनील बात्रा निकाल, 1978). बी. ए. उमेश या कैद्याला हिंडलग्यातच वर्षानुवर्षं एकांतात ठेवलं होतं. त्याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये त्याची फाशी जन्मठेपेत बदलली, किमान 30 वर्षं सुटका नाही या अटीवर. तुमच्या मुलाला एकांतात ठेवलं तर तारखांसह लेखी तक्रार अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दोघांकडे द्या आणि पोच घ्या.