हो, नाही, संबंध नाही

बाईंना विचारा : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात एक कोडं दिलं होतं. एक माणूस पानाच्या टपरीवर येतो आणि पाणी मागतो. टपरीवाला पाणी देत नाही, उलट त्याच्या कानापाशी पत्र्याचा डबा दाणकन आपटतो. माणूस दचकतो, मग हसून 'उपकार झाले' म्हणतो आणि पाणी न पिताच निघून जातो. असं का? चार-सहा जणांनी मिळून बसायचं. ज्याला उत्तर ठाऊक आहे तो सूत्रधार. बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे आणि त्याने फक्त 'हो', 'नाही' किंवा 'संबंध नाही' एवढंच बोलायचं.

उत्तर असं : त्या माणसाला उचकी लागली होती. दचकल्यावर ती थांबली.

पत्रं बरीच आली. निम्मी भांडणाचीच आहेत.

बाई, उचकी हा आजार आहे की नाही, एवढं एकदा लिहून द्या. आम्ही सहा जण बसलो होतो. 'तो आजारी होता का?' या प्रश्नाला सूत्रधार झालेल्या आमच्या मेहुण्यांनी 'नाही' म्हणून सांगितलं. आम्ही तो विषयच सोडला आणि पाऊण तास दरोडेखोर शोधत बसलो. मेहुणे अजून म्हणतात, माझं बरोबरच होतं.
— एक वाचक, कराड

मेहुण्यांना माफ करा. हीच चूक, ह्याच कोड्यात, मी केलेली आहे.

२२ जुलै २०२१. चिपळूणकरांना ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. इतरांसाठी सांगते, वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं तो दिवस. आमचं घर तळमजल्यावर, त्यामुळे आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे. दोन खोल्यांत अकरा माणसं. वीज गेलेली, फोन मेलेले. एकच टॉर्च, आणि तीही दर तासाने फक्त जिन्यावर मारायची, किती पायऱ्या दिसतात ते मोजायला. सातवी दिसेनाशी झाली तेव्हा मोठी माणसं गप्प झाली आणि पोरं रडकुंडीला आली. म्हणून मी हे टपरीचं कोडं काढलं. ह्या खेळाला ना उजेड लागतो ना कागद, आणि तोंडाला काम मिळालं की पोटातली भीती जरा मागे सरते.

पोरं लागली कामाला. 'त्याला तहान लागली होती का?' नाही. 'टपरीवाला त्याच्यावर चिडला होता का?' नाही. एकाने विचारलं, 'तिथे पूर आला होता का?' नाही रे बाबा. मग सातवीतल्या मुलीने विचारलं, 'तो आजारी होता का?' आणि मी ठामपणे म्हटलं, 'नाही.' झालं. एका शब्दात मी अख्खं शरीर बाद करून टाकलं. त्यानंतर तासभर पोरं टपरीवाल्याचं गुपित, डब्यातला माल, पोलिसांची धाड असं काय काय उकरत राहिली.

कोपऱ्यात शेजाऱ्यांच्या आजी पडल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. मला वाटलं झोपल्यात. अंधारातून आवाज आला, 'त्याची कुणी आठवण काढली होती का गं?' मी म्हटलं, 'संबंध नाही, आजी.' आजी कूस वळवत पुटपुटल्या, 'म्हणजे उचकी नव्हती होय. मला आपलं वाटलं उचकी.'

आजींनी कोडं केव्हाच सोडवलं होतं आणि मी त्यांना नापास केलं होतं. कुणी आठवण काढली की उचकी लागते, हे मराठी घरात सांगायला हवं का? मी उत्तर पाठ करून बसले होते, प्रश्न ऐकतच नव्हते. पोरांनी मला अजून माफ केलेलं नाही. रस्त्यात भेटली की मुद्दाम उचकी काढून दाखवतात.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. उचकी आजार आहे का, हे वैद्यांनी ठरवावं. सूत्रधाराने एवढंच बघायचं, की माझ्या 'नाही'ने ही माणसं उत्तराजवळ जाणार की लांब? शब्दाला धरून 'नाही' खरं असेल, पण लोक त्यामुळे भलत्या गावाला निघत असतील, तर म्हणावं, 'आजार म्हणता यायचं नाही, पण तिथेच आसपास विचारा.' खेळ सुरू करण्याआधी उत्तर चार ओळींत स्वतःपुरतं लिहून काढा. लिहिताना कळतं, आपल्यालाच कुठे नीट ठाऊक नाही ते. आणि आणखी एक उत्तर हाताशी असू द्या : 'प्रश्नच चुकला.' कुणी विचारलं, 'त्याच्या बायकोने डबा आपटला का?' आणि गोष्टीत बायकोच नाही, तर 'नाही' म्हटल्यावर लोक त्या बिचाऱ्या बायकोला अर्धा तास घरात शोधतात.

डॉक्टरचं जुनं कोडं मराठीत सांगताच येत नाही. पहिल्याच वाक्यात फुटतं. काही युक्ती?
— एक वाचक, नागपूर

कोडं असं. बाप-लेक गाडीने जात असताना अपघात होतो. बाप जागीच जातो. मुलाला दवाखान्यात नेतात, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर म्हणतात, हा माझा मुलगा आहे, मला हे ऑपरेशन जमणार नाही. उत्तर : डॉक्टर म्हणजे मुलाची आई. इंग्रजीत हे झाकून राहतं, कारण तिथे क्रियापद बाई-पुरुष बघत नाही. मराठीत 'डॉक्टर म्हणाल्या' म्हटलं की फुटलं, आणि 'डॉक्टर म्हणाले' म्हटलं तर आपण चक्क खोटं बोललो.

युक्ती तुमच्या शाळेच्या पुस्तकातच आहे. 'रामाने रावणास मारले' आठवतं? भावे प्रयोग. कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लावा, कर्म असलंच तर त्यालाही 'स' किंवा 'ला' लावा, मग क्रियापद आपोआप नपुंसकलिंगी होतं आणि कुणाचीही बाजू घेत नाही. 'डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं आणि सांगितलं, मला हे ऑपरेशन जमणार नाही, हा माझा मुलगा आहे.' आता शोधा. आदरार्थी 'डॉक्टरांनी' आहे, 'पाहिलं-सांगितलं' आहे, आणि एक अक्षरही खोटं नाही. एकतीस वर्षं मी भावे प्रयोग शिकवला आणि दरवर्षी मागच्या बाकावरून आवाज यायचा, 'बाई, याचा उपयोग काय?' त्या सगळ्यांना उशिरा का होईना, उत्तर देऊन टाकलं.

मात्र ह्या कोड्याचं आयुष्य आता थोडंच उरलंय असं दिसतं. मध्यंतरी पाचवीतल्या एका मुलीला सांगितलं, तर तिने पहिलाच प्रश्न विचारला, 'आई डॉक्टर आहे का?' तिची मावशी सर्जन आहे. तिला यात कोडं काय आहे तेच कळेना.

आम्ही दर शनिवारी दोन-तीन मराठी कुटुंबं जमून हा खेळ खेळतो. मुलांची शाळा अर्थातच इंग्रजीत. परवा मुलाने विचारलं, 'तो माणूस घरी नव्हता का?' माझ्या सासूबाई सूत्रधार. त्या म्हणाल्या, 'हो.' मुलांनी धरलं, तो घरी होता. सासूबाईंच्या मते, नव्हता. शेवटी कोडं राहिलं बाजूला.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

सासूबाई बरोबर, आणि मुलंही बरोबर. आपला 'हो' समोरच्याच्या वाक्याला मान डोलावतो : हो, तू म्हणतोस तसंच, नव्हता. इंग्रजीतला 'येस' वाक्याकडे बघत नाही, त्या माणसाकडे बघतो : येस, होता. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांच्या घरात हा घोटाळा कोडी नसली तरी रोज होत असणार. 'जेवला नाहीस का?' 'येस' अशा संवादाने कुणाचं तरी ताट नक्की राहिलं असेल.

उपाय सोपा. प्रश्नात 'नव्हता', 'नाही', 'ना?' यांना बंदी. सरळ विचारायचं, 'तो घरी होता का?' चुकून आलाच उलटा प्रश्न, तर सूत्रधाराने पूर्ण वाक्य बोलायचं, 'हो, नव्हता.' सासूबाईंना हे सांगताना मात्र तुमची चूक झाली असं म्हणू नका. त्यांची झालेली नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पाचवीची मुलं. दोन अडचणी आहेत. एक, ह्या कोड्यांमध्ये माणसं फार मरतात. दुसरी, माझं 'नाही' आलं की मुलं हिरमुसतात आणि गप्प बसतात.
— एक वाचक, जुन्नर तालुका

गुरुजी, दुसरी अडचण आधी घेते, कारण खेळाचा जीव तिथे आहे.

मनात १ ते १०० मधली एक संख्या धरा. मुलं काय विचारतात? 'सत्तावीस आहे का?' नाही. 'पंचावन्न?' नाही. प्रत्येक 'नाही'ने एकच संख्या गेली, म्हणून ते 'नाही' कडू लागतं. आता एकाला विचारायला लावा, 'पन्नासपेक्षा मोठी आहे का?' इथे 'हो' आलं तरी पन्नास गेल्या आणि 'नाही' आलं तरी पन्नास गेल्या. असं निम्मं निम्मं करत गेलं की सात प्रश्नांत संख्या सापडतेच. वीस प्रश्नांत दहा लाखांतली एक सापडते; फळ्यावर एकाची दुप्पट, तिची दुप्पट असं वीस वेळा करून बघा, १०,४८,५७६ येतात. मुलांना हिशेब कळला की 'नाही' ऐकून तीच टाळ्या वाजवायला लागतात. मी पाहिलंय.

दुसरा प्रयोग जुना आहे. पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली लंडनमध्ये लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि सांगितलं, यामागे माझा एक नियम आहे; तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, ते नियमात बसतात की नाही एवढं मी सांगेन. लोक म्हणायचे ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. मग छाती फुगवून सांगायचे, दोन-दोनने वाढणारे आकडे! चूक. नियम एवढाच होता, की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ३ सुद्धा चाललं असतं. पण ते विचारणार कोण? बहुतेक जण आपलंच म्हणणं खरं ठरवणारे प्रश्न विचारत होते. वर्गात करून बघा. आणि शिक्षकांच्या खोलीतही करा, तिथे जास्त मजा येते.

मरणाबद्दल. छापील कोड्यांत मुडदे असतात हे खरं, मलाही त्याचा कंटाळा आहे. पण आजूबाजूचं काहीही कोडं होऊ शकतं. 'एक माणूस रोज एसटीने चिपळूणहून गुहागरला जातो. तिकीट कधी काढत नाही आणि त्याला कुणी विचारतही नाही.' तो ड्रायव्हर आहे. पाचवीला एवढं पुरतं. मग मुलांनाच रचायला सांगा. आपल्या घरातली, शेतातली साधी गोष्ट घ्यायची आणि तिच्यातला एकच तुकडा लपवायचा.

हे आपल्या जुन्या उखाण्यांहून वेगळं आहे, तेही दाखवा. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' यात सगळं समोर मांडलेलं असतं; दात आणि जीभ एकट्याला, झोपाळ्यावर बसल्या बसल्या सापडतात. इथे अर्धं लपवलेलं असतं आणि एकट्याच्या डोक्याला विचारायचे प्रश्न लवकर संपतात. शेजाऱ्यांच्या त्या आजींच्या प्रश्नासारखा प्रश्न दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता.

आमच्या भिशीत बारा जणी. त्यातली एक सलग दहा प्रश्न विचारते, दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

तिला सूत्रधार करा. तीनच शब्द बोलायची मुभा.

जर्मनीहून भाच्याने 'ब्लॅक स्टोरीज' नावाचे पत्ते आणलेत. चांगले असतात का?
— एक वाचक, पुणे

असतात. २००४ साली निघाले, एका डब्यात पन्नास कोडी, बहुतेक सगळ्यांत कुणीतरी गेलेलं. जपानात तर ह्या खेळालाच 'समुद्री कासवाचं सूप' म्हणतात, एका प्रसिद्ध आणि बऱ्यापैकी भयंकर कोड्यावरून. ते सूप काय होतं हे इथे सांगत नाही, जेवायच्या वेळी अंक वाचणारे वाचक आहेत. पत्त्यांचा तोटा एकच. उत्तर कळलं की ते कोडं आपल्यापुरतं संपलं. म्हणून भाच्याला सांगा, सगळे पत्ते स्वतः वाचून टाकू नकोस. आणि कुणाला आधीच उत्तर ठाऊक असेल, तर त्याने खरं सांगून सूत्रधाराशेजारी जाऊन बसावं. माहीत असून हळूच 'सुचल्याचं' नाटक करणारी माणसं प्रत्येक घरात एक तरी असतात. आमच्याकडे ते माझे यजमान आहेत.

आता ह्या महिन्याचं कोडं. भावे प्रयोगाकडे लक्ष असू द्या, पण त्यात काही लपवलेलं नाही.

एका म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. रोज पहाटे दारात रांगोळी काढतात. एके दिवशी सकाळी शेजारणीने ती रांगोळी पाहिली. सुरेख होती. शेजारणीने भाजीची पिशवी तिथेच टाकली आणि दार तोडायला माणसं बोलावली.

उत्तर पुढच्या अंकात. बाई सुखरूप आहेत, एवढं जुन्नरच्या गुरुजींसाठी आधीच सांगते.