बोक्याचे इन्सुलिन आणि दोन रंगांची टोपणे

प्रश्न : आमचा बोका मन्या दहा वर्षांचा आहे, वजन सहा किलो. मधुमेहाचे निदान झाल्यापासून आम्ही त्याला सकाळ-संध्याकाळ दोन युनिट इन्सुलिन देतो. नेहमीच्या लाल टोपणाच्या सिरिंज दुकानात संपल्या होत्या, म्हणून केशरी टोपणाच्या आणल्या. "दोन्ही इन्सुलिनच्याच," असे तिथे सांगितले. तेव्हापासून मन्या पुन्हा भांडेच्या भांडे पाणी पितो आहे. डोस वाढवावा का? शिवाय परवा सासूबाईंनी इंजेक्शन दिले की नाही, हे त्यांनाच आठवेना. अशा वेळी काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : डोस वाढवू नये. आधी इन्सुलिनची बाटली हातात घ्यावी आणि एका मिलिलिटरमध्ये किती युनिट आहेत ते लेबलावर वाचावे. आपल्याकडे साध्या बाटलीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे असते. पेनमधले आणि ग्लार्जिनसारख्या काही प्रकारांचे १०० युनिटचे असते. लाल टोपणाची सिरिंज पहिल्यासाठी आणि केशरी टोपणाची दुसऱ्यासाठी असते, मात्र केवळ रंगावर न विसंबता सिरिंजवर छापलेला आकडा पाहावा. आपली बाटली ४० ची असेल, तर केशरी सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत भरलेल्या औषधात दोन नव्हे, जेमतेम ०.८ युनिट असते, आणि मन्याची तहान वाढण्याचे कारण बहुधा हेच असावे. याच्या उलट झाले असते, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल सिरिंज अशी जोडी जमली असती, तर त्याच दोनच्या रेघेला पाच युनिट अंगात गेले असते. बहुतेक मांजरांचा उपचार दर बारा तासांनी एखाद्या युनिटपासून सुरू होतो, हे लक्षात घेतले की अडीचपट डोस म्हणजे काय ते कळेल.

खरा धोका यापुढे आहे. समजा, साखर उतरत नाही म्हणून केशरी सिरिंजवर एकेक रेघ वाढवत आपण पाचपर्यंत गेलात. तेवढ्यात दुकानात लाल सिरिंज आल्या आणि आपण सवयीने त्यातही पाचच्या रेघेपर्यंत औषध भरले, तर कालपर्यंत दोन युनिट घेणाऱ्या बोक्याला आज पाच युनिट मिळतील. म्हणून घरी गुणाकार-भागाकार करून जुळवून घेण्यापेक्षा योग्य सिरिंज मिळवावी आणि कोणत्या दिवसापासून कोणती सिरिंज वापरली हे पशुवैद्यकांना आवर्जून सांगावे. बऱ्याच सिरिंजवर अर्ध्या युनिटची रेघच नसते. डॉक्टरांनी अर्धे युनिट लिहून दिले असेल, तर नजरेच्या अंदाजाने न भरता ते कशाने मोजायचे, हे त्यांनाच विचारावे. घरात आजोबांचे इन्सुलिन आहे म्हणून तेच बोक्याला वापरणे तर पूर्णपणे टाळावे. प्रत्येक प्रकाराचा जोर आणि काम करण्याचा काळ वेगळा असतो.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : शंका असेल तर देऊ नये. एक वेळ इन्सुलिन चुकले तर साखर चढेल आणि पुढच्या वेळेच्या डोसने सावरेल. दोनदा गेले तर काही तासांत जिवावर बेतू शकते. सुई कातडीतून आरपार जाऊन औषध केसांवर सांडले, तरीही हाच नियम लावावा आणि चुकलेला डोस पुढच्या डोसमध्ये कधीही मिळवू नये. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत, सुई टोचल्याबरोबर, टोचणाऱ्यानेच सही करावी. नंतर करू म्हटले की राहते.

प्रश्न : मांजरीने संध्याकाळी अन्नाला तोंडच लावले नाही, तर इंजेक्शन द्यावे का? साखर एकदम उतरल्यास काकवी चाटवली तर चालेल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : आधी खाणे, मग सुई, हा क्रम मोडू नये. मांजर खात नसेल किंवा तिने खाल्लेले उलटून टाकले असेल, तर नेहमीचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा. कमी द्यायचा की वगळायचा, हे त्या मांजरीच्या प्रकृतीवर ठरते, म्हणून याबद्दलची सूचना आधीच कागदावर लिहून घेतलेली बरी. मात्र उलट्या आणि मलूलपणा यांसह खाणे बंद झाले असेल, तर घरी वाट पाहू नये. मधुमेही मांजरात ही कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की रक्तात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढल्याची खूण असू शकते आणि तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते.

साखर फार उतरली की मांजर लटपटते, वेड्यासारखे अन्न मागते किंवा कोपऱ्यात सुस्त पडते, अंग थरथरते, शेवटी झटके येतात. अशा वेळी साखर मोजत बसू नये. ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात कालवून किंवा मध घेऊन हिरड्यांना चोळावा. शुद्धीवर नसलेल्या मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. झटके चालू असताना बोट दातांच्या मध्ये घालू नये. काकवी आपल्या भागात घरोघरी असते आणि दुसरे काही नसेल तर तीच वापरावी, पण तिच्यात मुख्यतः उसाची साखर असते, जी आधी पचनात फुटावी लागते. ग्लुकोज त्यामानाने लवकर लागू पडते. त्याचा डबा इन्सुलिनच्या शेजारी ठेवावा. मांजर उठून बसले की लगेच खायला घालून दवाखान्यात न्यावे, कारण इन्सुलिनचा अंमल अजून काही तास चालू असतो.

प्रश्न : दवाखान्यात साखर ३२० येते आणि घरी बरीच कमी. खरे काय मानावे? मांजराला दूध-भात चालतो का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : मांजर घाबरले की साखर चढते, निरोगी मांजराचीही. त्यामुळे दवाखान्यातल्या एकाच आकड्यावर डोस वाढवणे धोक्याचे असते. कानाच्या कडेला किंचित ऊब देऊन टोचले की थेंब मिळतो. डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्यावे आणि दिवसभरातले आकडे वेळेसह लिहून त्यांना दाखवावेत. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी दाखवतो, तरीही डोसच्या वेळी आकडा दीडशेच्या खाली असेल तर सुई लावण्यापूर्वी फोन करावा.

दूध-भात बंद करावा; साखर वाढवणारा भाग त्यातच अधिक. न फोडणी दिलेले उकडलेले चिकन किंवा मासे चालतील, रोजचा पूर्ण आहार मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. रश्श्यातले मटण धुऊनही देऊ नये, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी मोडतात. आहार बदलायचा तो सांगून बदलावा. पिष्टमय अन्न कमी झाले की इन्सुलिनची गरज घटते, काही मांजरांना तर ते पुढे लागतही नाही, आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर नेमकी याच दिवसांत घसरते.