आधी कपाट उघडा, मग उद्दिष्टं लिहा

नमस्कार. तुमचं टिपण दोनदा वाचलं. ठाण्यातलं अकरा वर्षांचं पुरातत्त्व अभ्यास मंडळ, साठेक सभासद, त्यातले पंधरा-वीस खरोखर फिरणारे. सर्वसाधारण सभेपुढे ‘मूल्ये आणि दीर्घकालीन उद्दिष्टे’ असा दोन पानी मसुदा ठेवायचा आहे आणि कार्यकारिणीचं तीन महिने त्यावर एकमत होत नाही. उद्दिष्टांत संग्रहालय, उत्खनन आणि पाचशे सभासद. मूल्यांत सचोटी, समर्पण, संशोधनवृत्ती. मी याच जिल्ह्यातल्या एका मंडळात सव्वीस वर्षं आहे, त्यातली नऊ कार्यवाह होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सचोटी आणि समर्पण काढून टाका. या शब्दांना कोणीच विरोध करणार नाही, त्यामुळे अडचणीच्या दिवशी त्यांच्याकडे बोट दाखवून कोणाला थांबवताही येणार नाही. तुमची मूल्यं तुमच्या इतिवृत्तांत आहेत. अकरा वर्षांची वही काढा आणि ज्या सभांमध्ये आवाज चढले त्या वाचा. कोणीतरी काहीतरी केलं, दुसऱ्या कोणाला ते खटकलं आणि ठराव अर्धवट राहिला, अशा चार-पाच जागा नक्की सापडतील. त्या प्रत्येक जागी ‘हे आपण करणार नाही’ असं एक वाक्य लिहा.

आमचं पहिलं वाक्य कसं लिहिलं गेलं ते सांगतो. घोडबंदर रस्त्याच्या आतल्या एका पाड्यावर पिंपळाखाली वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, होता. शेंदराचा थर बोटभर जाड, त्यातून फक्त घोड्याची पाठ आणि वरच्या चौकटीतला कलश ओळखू येत होता. आमच्या दोन तरुण सभासदांना खाली अक्षरं असतील असं वाटलं. एका रविवारी ते थिनरची बाटली आणि सुरी घेऊन गेले आणि दोन तासांत दगड ‘साफ’ केला. अक्षरं नव्हतीच. शेंदराच्या पापुद्र्याबरोबर घोड्याच्या तोंडाचा टवका मात्र उडाला. शेजारच्या घरातली आजी बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, “तुमी आमचे देवाचा कपरा कारला.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर आठ वर्षं त्या पाड्यावर आम्हाला कोणी काही दाखवलं नाही. दरम्यान देवळाचा जीर्णोद्धार झाला, लाद्या बसल्या आणि तो दगड कुठे गेला हे आजही आम्हाला माहीत नाही. आमच्याकडे त्याचे चार फोटो आहेत. मोजमाप नाही, दिशा नाही, शेजारी पट्टीसुद्धा धरलेली नाही.

त्याच रविवारी रात्रीच्या बैठकीत ठरलं ते असं: पूजेतल्या दगडाला गावाच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही, खरवडायचं नाही, तेल लावायचं नाही, अक्षरांत खडू किंवा पीठ भरायचं नाही. वाचायचंच असेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावर जायचं आणि एका बाजूने विजेरीचा झोत जवळजवळ दगडाला चिकटवून, तिरपा टाकायचा. झिजलेली अक्षरंही सावलीने उठून येतात. विजेरी फिरवत फिरवत चार बाजूंनी फोटो घेतले की पुष्कळ वेळा अक्षरांचा कागदी ठसा घ्यायचीही गरज पडत नाही.

अमेरिकेतल्या पुरातत्त्वज्ञांच्या मोठ्या संस्थेने, सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजीने, १९९६ साली नीतितत्त्वं ठरवली तेव्हा आठांपैकी पहिलं तत्त्व विश्वस्तपणाचं होतं: हे अवशेष आपले नव्हेत, आपण फक्त सांभाळणारे. त्याच यादीत अवशेषांचा व्यापार होईल असं काही करू नये, असंही आहे. इतका मोठा व्याप असलेली संस्थाही सुरुवात मालकी नाकारण्यापासून करते, हे तुमच्या कार्यकारिणीला जरूर वाचून दाखवा. आपल्याकडे हा व्यापाराचा मुद्दा अगदी साधा चेहरा घेऊन येतो. कोणीतरी रुमालात नाणी बांधून आणतं आणि विचारतं, “किती येतील?” आमच्या मंडळात नाण्याचा काळ आणि राजा सांगतात, किंमत कोणीही सांगत नाही, आणि हे लेखी आहे. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूला पुरावस्तू मानतो, हस्तलिखितासाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. मंडळाने भाव सांगायला सुरुवात केली की हे दोन्ही कायदे एक दिवस तुमच्या दारात येतील. त्याहून वाईट म्हणजे गुप्तधनाच्या नादी लागलेली माणसं तुमच्या सहलींच्या मागे मागे फिरतील. गधेगळाखाली, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या गाढवाच्या शिल्पाच्या दगडाखाली, धन असतं या समजुतीने किती दगड उखडले गेलेत ते फिरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. म्हणून नेमकं ठिकाण जाहीर करायचं नाही, हेही मूल्यांत घाला. गावाचं नाव पुरे, अक्षांश-रेखांश वहीत राहू द्या.

पैशाबद्दल थोडक्यात. ज्याच्या जमिनीबद्दल उद्या अहवाल लिहावा लागू शकतो त्याच्याकडून आज दिनदर्शिकेची जाहिरातही घेऊ नका. ठाणे-नवी मुंबईत हे पाळणं अवघड आहे, मला ठाऊक आहे. आम्ही दोन वर्षं अंक काढू शकलो नाही, पण नियम पाळला.

आता उत्खनन. हे कलम मसुद्यातून काढा, असा माझा आग्रह आहे. उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, केंद्रीय पुरातत्त्व सल्लागार मंडळाची स्थायी समिती प्रस्ताव तपासते, आणि तो विद्यापीठं, राज्यांची पुरातत्त्व खाती अशा संस्थांना मिळतो. पण कायद्यापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. खोदणं म्हणजे ते पान वाचता वाचता फाडणं. अहवाल छापला नाही तर पान गेलं. आपल्या देशात दशकं उलटूनही न छापलेले अहवाल कितीतरी आहेत, आणि ते करणाऱ्यांकडे पूर्ण वेळ, पगार आणि कर्मचारी होते. आपण शनिवार-रविवारची माणसं. उलट एकोणिसाव्या शतकातले पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांच्याकडे बघा. १८८२ साली सोपाऱ्याच्या (आजचं नालासोपारा) बुरूड राजाच्या कोटातला स्तूप त्यांनी उघडला आणि फार वेळ न दवडता काय, कुठे, कोणत्या क्रमाने मिळालं ते लिहून छापलं: दगडी पेटी, तिच्यात एकात एक करंडक, आठ बुद्धमूर्ती, सोन्याची फुलं. आज आपण त्या स्तूपाबद्दल बोलतो ते त्या लेखनामुळे.

ठाण्याचंच उदाहरण याहून बोलकं आहे. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी खोदताना ताम्रपट निघाले. रामलोचन पंडितांनी मजकूर उलगडून सांगितला आणि त्याचा अनुवाद कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पहिल्याच खंडात, १७८८ मध्ये, छापून आला. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या अरिकेसरी राजाचं शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चं ते दान. पाया खोदताना निघालेलं तांबं भांडी वितळवणाऱ्याकडेही जाऊ शकलं असतं. ते कोणीतरी वर्षभरात वाचलं, लिहिलं, छापलं, म्हणून श्रीस्थानकाच्या, म्हणजे जुन्या ठाण्याच्या, इतिहासाला एक पक्की तारीख मिळाली. मला विचाराल तर तुमच्या मंडळाचं एकमेव दीर्घकालीन उद्दिष्ट हेच असावं: आपल्या भागात जे दिसेल त्याची नोंद आणि ती नोंद आपण गेल्यावरही कोणाच्या तरी हाती राहील अशी व्यवस्था.

हे मोघम वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. त्यातली बरीच गावठाणं इमारतींच्या मधोमध अजून आहेत, आणि गावदेवीच्या देवळामागे, तलावाच्या काठावर, वेशीच्या झाडाखाली सुटे दगड उभे आहेत. त्यातल्या बहुतेकांना कोणत्याही यादीचं संरक्षण नाही. पावसाळ्यात आणि नंतर गवत वाळेपर्यंत काही दिसत नाही, म्हणजे हाती वर्षाचे सात महिने. महिन्याला एक गाव नीट केलं, म्हणजे आधी गावातल्या जाणत्यांशी बोलणं, मग मोजमाप, फोटो, रेखाटन, दगडाची दिशा आणि गावातलं त्याचं नाव, तर ९५ गावांना चौदा वर्षं लागतात. हे झालं दीर्घकालीन उद्दिष्ट. त्याला तारीख आहे, आकडा आहे, आणि दरवर्षीच्या सभेत ‘सातपैकी किती?’ असं विचारता येतं. पाचशे सभासदांपेक्षा या कामाला बारा माणसं लागतात, पण ती दरवर्षी लागतात. त्यातल्या दोघांना जुनी नागरी आणि दोघांना मोडी वाचता येईल, एवढं शिक्षण पाच वर्षांत करून घ्या. तो खर्च मंडळाने करावा.

नोंद मराठीत ठेवा. तीन प्रती करा: एक मंडळात, एक एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात, एक त्या गावात, शाळेत किंवा देवळाच्या समितीकडे. गावाला प्रत देणं हा उपचार समजू नका. त्या पाड्यावर आठ वर्षांनी आम्हाला परत बोलावणं आलं ते शेजारच्या गावाला दिलेली वही तिथल्या एका मुलाने पाहिली म्हणून. गटाराच्या खोदकामात दुसराच एक दगड लागला होता. आम्ही मोजपट्टी, वही आणि कॅमेरा एवढंच घेऊन गेलो. आजी नव्हत्या. त्यांच्या सुनेने चहा दिला आणि दगड कुठे ठेवायचा ते गावाने ठरवलं.

संग्रहालयाचं स्वप्न मी मोडत नाही, पण आधी कपाट उघडा. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांच्या मागे घरच्यांनी गोणपाटात भरून खापरं आणून दिली. चारशेच्या वर. लाल झिलईची, निळ्या नक्षीच्या चिनी मातीची, काही काचेच्या लेपाची. एकाही तुकड्यावर कुठलं ते लिहिलेलं नव्हतं. चाळीस वर्षांची पायपीट, आणि त्या खापरांवरून आता एक वाक्यही लिहिता येत नाही. ते गृहस्थ बोलता बोलता प्रत्येक खापराची जागा सांगत असत, पण कोणी लिहून घेतलं नाही. मीही नाही. हे मला अजून बोचतं. आता आमचा नियम असा की पृष्ठभागावरचं खापर शक्यतो जागेवरच राहू द्यायचं. जे सुटं पडलंय आणि नष्टच होणार आहे ते उचललं, तर त्याच संध्याकाळी आतल्या बाजूला, कडेजवळ, वारनिशाच्या बारीक पट्टीवर शाईने क्रमांक आणि वहीत त्या क्रमांकापुढे जागा. तुमच्या कपाटात आज क्रमांक नसलेल्या किती वस्तू आहेत ते मोजा. तो आकडा शून्यावर आणणं हे पहिल्या दोन वर्षांचं उद्दिष्ट करा, संग्रहालयाचा विषय त्यानंतर सभेपुढे ठेवा.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस गेले आणि लगेच १९२७ मध्ये धुळ्याला त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं, त्यामुळे त्यांचं दप्तर हाती राहिलं. आपल्या ज्येष्ठांच्या वह्यांसाठी असं कोणी धावून येईलच असं नाही. म्हणून ‘माझ्या पश्चात माझी टिपणं मंडळाकडे’ असं एक पत्र प्रत्येक फिरत्या सभासदाकडून हयातीतच घ्या. मागायला संकोच वाटतो, तरी मागा.

शेवटी कामाची एक गोष्ट. हे सगळं घटनेतल्या उद्देशांत घुसवू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली उद्देश बदलायचे तर खास सभा, तीन-पंचमांश मतं आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या खास सभेत तेवढ्याच मतांनी पुष्टी लागते; पुढे धर्मादाय आयुक्तांचं कामही आलंच. मूल्यं आणि उद्दिष्टं साध्या ठरावाने मंजूर करून घ्या आणि दर तीन वर्षांनी पुन्हा सभेपुढे आणा. मसुद्याची पुढची प्रत झाली की जरूर पाठवा, ओळ न् ओळ वाचेन. सोबत कपाटातला आकडाही कळवा.