व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह, टीपीएचए निगेटिव्ह: खरा रिपोर्ट कोणता?

प्रश्न: मला तिसरा महिना सुरू आहे. पहिल्या तपासणीत व्हीडीआरएल 'रिॲक्टिव्ह १:२' आली. त्यानंतर करायला सांगितलेली टीपीएचए मात्र निगेटिव्ह आली. मला कधीही जखम किंवा पुरळ आलेले नाही. पहिला रिपोर्ट हाती आल्यापासून घरात अबोला आहे. यातला खरा रिपोर्ट कोणता मानायचा?

उत्तर: दोन्ही खरे आहेत, कारण उपदंश, म्हणजे सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार, तपासणाऱ्या या दोन्ही चाचण्या रक्तात वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. उपदंशाचा जंतू १९०५ साली ओळखला गेला. पण नेहमीच्या प्रयोगशाळेत तो वाढवता येत नसल्याने तपासणीचा बहुतेक भार रक्तातील प्रतिपिंडांवर (शरीर तयार करते त्या अँटिबॉडीजवर) पडतो. व्हीडीआरएल ज्या प्रतिपिंडांचा शोध घेते, ती कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाविरुद्धची असतात. हा पदार्थ आपल्या स्वतःच्या पेशींतही असतो. उपदंशात ही प्रतिपिंडे वाढतात, म्हणून चाचणी उपयोगी पडते. परंतु गर्भारपण, हिवताप, नुकताच होऊन गेलेला विषाणुजन्य ताप किंवा ल्युपससारखा आजार यांतही ती थोड्या प्रमाणात आढळू शकतात. टीपीएचए मात्र खुद्द जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते.

१:२ याचा अर्थ असा, की तुमचे सीरम (रक्तातील पेशी काढून उरलेला द्रव) निम्मे पातळ केले तेव्हाही चाचणी रिॲक्टिव्ह आली, पण त्याहून पातळ केल्यावर नाही. याच जातीची आरपीआर चाचणी डोळ्यांनी पाहता येते, म्हणून तिचे उदाहरण देतो. पांढऱ्या कार्डावरील वर्तुळात सीरमचा थेंब पसरतात, त्यात कोळशाचे सूक्ष्म कण मिसळलेले अँटिजेन (प्रतिपिंडे ज्याला चिकटतात तो पदार्थ) टाकतात आणि कार्ड ८ मिनिटे यंत्रावर फिरवतात. प्रतिपिंडे असतील तर काळ्या गुठळ्या उठून दिसतात. नसतील तर थेंब एकसारखा राखाडी राहतो. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जिथपर्यंत गुठळ्या दिसतात, तो आकडा रिपोर्टवर येतो. उपदंशाशी संबंध नसलेले रिॲक्टिव्ह निकाल बहुधा १:८ किंवा त्याहून खालचे असतात. तरीही केवळ आकडा लहान म्हणून उपदंश नाही असे ठरवता येत नाही; तुमच्या बाबतीत धीर देणारी गोष्ट आहे ती निगेटिव्ह टीपीएचए.

लागण अगदी ताजी असेल तर टीपीएचएही सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिली जखम दिसेपर्यंत साधारण ३ आठवडे, क्वचित ९० दिवसही जातात. म्हणून काही आठवड्यांनी दोन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात आणि पतीचीही तपासणी करून घ्यावी. यात कोणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. गरोदरपणात उपदंशावर वेळेत उपचार झाले नाहीत तर बाळ दगावू शकते, आणि उपचार मात्र पेनिसिलिनच्या इंजेक्शनइतका साधा आहे. व्हीडीआरएल पुढेही रिॲक्टिव्हच राहिली आणि पूर्वी तुमचे गर्भपात झालेले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा वेळी रक्त गोठण्याशी संबंधित काही प्रतिपिंडे तपासावी लागतात. घरातल्या अबोल्याला निम्मे तरी या चाचणीचे नाव जबाबदार असावे, असे मला वाटते. व्हीडीआरएल हे एका गुप्तरोग संशोधन प्रयोगशाळेच्या नावाचे लघुरूप आहे, आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला तेवढेच दिसते.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी उपदंशावर उपचार घेतले. व्हीडीआरएल १:३२ वरून १:४ वर आली, पण टीपीएचए अजून पॉझिटिव्हच आहे. आजार शिल्लक आहे का?

उत्तर: एकदा पॉझिटिव्ह आलेली टीपीएचए उपचारांनंतरही बहुतेकांमध्ये आयुष्यभर तशीच राहते, त्यामुळे गुण आला की नाही हे तिच्यावरून कधीही ठरवत नाहीत. ते व्हीडीआरएलच्या आकड्यावरून पाहतात. तो किमान चौपट, म्हणजे दोन पायऱ्या, उतरावा अशी अपेक्षा असते. तुमचा तीन पायऱ्या उतरला आहे. काहींचा आकडा खालच्या पातळीवर येऊन तिथेच स्थिरावतो, त्याचा अर्थ आजार उरला असा होत नाही. पुन्हा चौपट वाढ दिसली, उदाहरणार्थ १:१६, तर मात्र नव्याने लागण झाली असण्याची शक्यता गृहीत धरून डॉक्टरांकडे जावे. पुढच्या तपासण्या शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच चाचणीने कराव्यात. व्हीडीआरएलचा आकडा आरपीआरच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.