मृणालताईंच्या नावानं ‘पाणी वाचवा’ नको

प्रश्न : आम्ही गोरेगाव पूर्वेला नागरी निवारात राहतो. १७ जुलैला मृणाल गोरे यांचा स्मृतिदिन असतो. यंदा महिला मंडळातर्फे काहीतरी करायचं ठरलंय, पण एकमत होत नाही. बऱ्याच जणींचं म्हणणं, फोटोला हार घालू आणि मुलांसाठी ‘पाणी वाचवा’ या विषयावर चित्रकला स्पर्धा घेऊ. नव्यानं राहायला आलेल्यांना तर ताई कोण हेच ठाऊक नाही. तुम्ही गोरेगावातच वाढलात, म्हणून विचारते.
– मंडळाची चिटणीस

उत्तर : चिटणीसताई, हार जरूर घाला. स्पर्धाही घ्या, पण विषय तेवढा बदला, ही कळकळीची विनंती. ताईंचा लढा पाणी मिळवण्याचा होता. ज्या बायकांना घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या, त्यांच्या घरात वाचवायला पाणी होतंच कुठे? तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं मोरीला, असं पुरवून पुरवून वापरणाऱ्या बायका त्या. त्यांना काटकसर कोण शिकवणार?

माझी आई त्यातलीच. आम्ही पश्चिमेला चाळीत राहायचो. नळ पहाटे यायचा, म्हणून रात्रीच हंडे-कळश्यांची रांग लागायची. जादा भांडं नसेल ती डालड्याचा डबा नाहीतर वीट ठेवून नंबर लावायची. आईच्या पितळी हंड्याला काठाशी एक पोचा आहे. तो मोर्च्यात पळीनं बडवून पडलेला. त्याआधी आईनं कुठल्या कचेरीची पायरी चढलेली नव्हती. नंतर मात्र ती स्वतः अर्ज घेऊन जायची आणि पोच हातात पडल्याशिवाय बाकावरून उठायची नाही. वडील म्हणायचे, घरी चल, उद्या बघू. ती ऐकायची नाही. ताईंनी गोरेगावला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी आधी हे सांगते, पाइपलाइन नंतर.

नव्या मंडळींना थोडक्यात एवढं सांगा. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात आल्या. १९५८ मध्ये पती केशव गोरे गेले तेव्हा त्यांचं वय तीस आणि पदरात लहान मुलगी. त्याच सुमाराला, १९५७ मध्ये, गोरेगाव बृहन्मुंबईत आलं. पालिकेची हद्द आली, पाणी मात्र लगेच आलं नाही. १९६१ मध्ये त्या नगरसेविका झाल्या, महिलांसाठी राखीव वॉर्ड नव्हते तेव्हा. पाण्यासाठी त्यांनी पालिकेला असं काही धारेवर धरलं की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचं नाव झालं. १९७२ मध्ये आमदार झाल्या. महागाईविरुद्ध कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरांबरोबर काढलेले लाटणे मोर्चे त्याच काळातले. आणीबाणीत आधी भूमिगत, मग तुरुंग. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा मुंबईत घोषणा गाजली : ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचं त्यांचं काम फारसं कुणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं. अशा चाचण्यांविरुद्ध विधानसभेत आवाज उठवणाऱ्यांत ताई पुढे होत्या. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तुमच्या मंडळात लेकीबाळींच्या आया आहेत, त्यांना हे नक्की सांगा. आणि तुमचं स्वतःचं घर! कमाल जमीन धारणा कायद्याखालची, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त ठरलेली, जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून ताई, बाबूराव सामंत आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा नागरी निवारा उभा राहिला.

आता कार्यक्रमाचं. भाषणाला बाहेरचा पाहुणा बोलावू नका. तुमच्याच आसपास पंचाहत्तरी उलटलेल्या आजी असतील, मोर्च्यात गेलेल्या. त्यांना बोलतं करा. नातवंडांना समोर बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावा. मुलांनी चित्रं काढायची ती या आजींच्या गोष्टींवर. ही माणसं हाताशी आहेत तोवरच हे जमेल. माझी आई आता नाही, आणि तिच्याकडून विचारून घ्यायचं कितीतरी राहून गेलं.

दुसरं काम जरा चिकाटीचं आहे, पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला, की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये पालिकेनं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरणही आणलं. तरी टँकरवाल्याला नाहीतर शेजारच्या नळजोडणीवाल्याला पैसे मोजून पाणी घेणारी घरं मुंबईत आजही आहेत. तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बायकांना विचारा, त्यांच्याकडे पाणी कुठून येतं, महिन्याला किती पैसे जातात. ज्यांची जोडणी नाही त्यांना १७ तारखेला बोलवा. मंडळातल्या दोघी-तिघी लिहित्या हाताच्या असतील, त्यांनी अर्ज भरून द्यावेत. ओळखपत्रांच्या झेरॉक्स तिथंच काढून द्या, खर्च मंडळाचा. पुढच्या आठवड्यात त्या बायकांसोबत वॉर्ड ऑफिसला जा; एकटीला तिथं उभं करत नाहीत, दहा जणी गेल्या की खुर्च्या निघतात. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, नंबर वहीत टिपा आणि महिन्यानं मला कळवा, किती जोडण्या मंजूर झाल्या आणि कोणते अर्ज कशासाठी अडले.